हात नका लावू

सपनाने एंटर दाबलं आणि समोरचा पडदा थिजला. दवाखान्याचा सर्व्हर वाशिमला, ती किन्हीराजाला घरी, आणि दोघांमधलं नेटवर्क आत्ताच तिच्याच हाताने तुटलं होतं.

फोन आलाच. दवाखान्याचा मॅनेजर हरीओम.

"ताई, सारं बंद पडलं ना वो! एक फाईल उघडून नाही राह्यली. भूल देणाऱ्या शीला मॅडम आपरेशनच्या दारात उभ्या हायेत!"

नवी इमारत नेटवर्कला जोडायची होती. शनिवारची दुपार, ओपीडी उठलेली, म्हणून तर सपनाने ही वेळ धरली होती. नोंदणीचा, लॅबचा, औषधांचा असे दवाखान्याचे सगळे कंप्युटर त्या एकाच सर्व्हरवर चालायचे. तो गेला की सगळेच गेले.

"पेशंट कोण हाये?"

"मानोऱ्याची पंचफुला. बाळंतपणाची. मांगच्या टायमाले कोन्त्या तरी इंजेक्शननं तिचा श्वास कोंडला होता. कोन्तं, ते फायलीतच हाये. ते समजल्याबिगर भूल कशी देतीन?" पलीकडे सर्व्हरच्या खोलीचं दार वाजलं. "मी सर्व्हरच बंद करून चालू करतो."

"हात नका लावू, भाऊ!"

"काहून?"

"बंद केला तं उठाले अर्धा तास घेते. बदल लावाच्या पयलेच मी वापसीचा टायमर लावला हाये. पाच मिनिटं माही खबर नाही भेटली, का तो आपोआप जुन्या सेटिंगवर येते."

"अन् नाही आला तं?"

विहिरीत उतरण्याआधी दोर बांधावा, तसा तो टायमर सपना दरवेळी लावायची. आजही लावला होता. लावला होता ना? आता बघायचीही सोय नव्हती. तिने पडद्यावर थिजलेली बदलाची ओळ पुन्हा वाचली. हात्तिच्या! एक आकडा चुकला होता. बाईचं काही बरंवाईट झालं तर आपलं काय, हाच विचार आधी आला, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

"ताई, मॅडम शिव्या देऊन राह्यल्या." हरीओमला रिकामा हात कधी सहन झालाय? "मी काय नुसता पाहत राहू?"

"हो. नुसते पाहत राहा, माह्या भरोशावर. हात बटनावर हाये का तुमचा?"

"हाये."

"काढा."

मग फोनवर त्याचा श्वास तेवढा ऐकू येत राहिला. सपनाने डोळे गच्च मिटले. कितीतरी वेळाने पलीकडे कोणीतरी ओरडलं, "आली! फाईल आली!" पळापळ झाली. शीला मॅडमनी इंजेक्शनचं नाव मोठ्याने वाचलं, आणि थिएटरचं दार लागलं.

"ताई! काय केलं वो तुमी?"

"काहीच नाही. तुमी नाही केलं, त्यानंच जमलं."

"मंग झालं ना काम?"

"कायचं झालं! जसं होतं तसं आलं. पंचफुलाबाई सुखरूप बाहेर आल्या का तो बदल पुन्हा लावा लागते."

मग पलीकडे फरशीवरून काहीतरी ओढत आणल्याचा आवाज आला.

"लावा," तो म्हणाला. "मी खुर्ची टाकून सर्व्हरच्या खोलीच्या दारातच बसून राह्यलो. पाहू कोण जाते आत."