कोरा समुद्र

मासे आणि वाट दाखवणाऱ्या नव्या यंत्राच्या पडद्यावर मोरेश्वरला समुद्र नुसता निळा दिसत होता. वडिलांनी साठवलेल्या माशांच्या जागांच्या खुणा जुन्या बोटीवरच्या यंत्रात होत्या आणि ती बोट वाटणीत थोरल्या भावाकडे गेली होती. वाटणीपासून दोघं बोलत नव्हते.

तीन वर्षं दुसऱ्यांच्या बोटींवर राबून मोरेश्वरने आता स्वतःची बोट घेतली होती, पण आठवडाभर जाळं रिकामं येत होतं. आजही तसंच झालं, तर खलाशी दुसरी बोट धरणार होते. लाज गिळून मोरेश्वर पहाटेच्या धुक्यातून दादाच्या बोटीमागे निघाला.

“चोरासारखे चाललोय, तांडेल,” पोशा नावाचा खलाशी बोटीच्या म्होरक्याला, मोरेश्वरला, हसून म्हणाला. “आता चकवतोय बघ तो.”

दादाची बोट वळली नाही. ती थांबली आणि जाळं न टाकता डुलत राहिली. मोरेश्वर सरकत जवळ गेला. पडद्यावर तळातून खडक वर आला; त्याच्यावर माशांचे लाल ढग जमू लागले. धुक्यात पाणी आणि आभाळ एकच झालं होतं, जणू बोटच त्या ढगांत तरंगत होती.

मग तीन वर्षांनी पहिल्यांदाच दादाची हाक आली.

“खूण साठवलीस का रे? चल मागोमाग. बाबांच्या अजून अकरा जागा आहेत.”