दादाच्या गांधीलमाश्या

रक्तात मुरलेली जुनी दुखणी वाचणारं यंत्र डॉ. सुनेत्रा कवठेकरांनी उभी हयात खर्चून बनवलं आणि पहिला थेंब स्वतःचाच दिला. त्यांचा सहायक नौशाद पडद्यावरचं वाचू लागला.

"गोवर, कांजिण्या... मॅडम, लहानपणी तुम्हाला गांधीलमाश्या डसल्या होत्या?"

"मला नाही," म्हणता म्हणता त्या थबकल्या. लहानपणी एका दुपारी गांधीलमाश्यांचं पोळं उठलं तेव्हा थोरला भाऊ त्यांच्यावर पालथा पडला होता. सगळे डंख त्यानेच झेलले. पुढे त्यांना रक्ताचा कर्करोग झाला, तेव्हा अस्थिमज्जाही त्यानेच दिली. दादाला जाऊन वर्षं लोटली होती. त्यांच्या अंगात वाहणारं त्याचं रक्त मात्र ती दुपार विसरलं नव्हतं.

त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"वाच, नौशाद. दादानं घरी न सांगितलेलंही बरंच असेल त्यात."