मोजणीतला तोतया

“हे झाले चाळीस,” मेट्रनबाई म्हणाल्या आणि पुलाखालून वाकून बाहेर आल्या. “आता तोतया तेवढा राहिला.”

सव्वासात वाजले होते. उजाडल्यापासून त्या आणि त्यांची धाकटी जाऊ उघड्यावर झोपणाऱ्यांची मोजणी करत फिरत होत्या. मेट्रनबाईंना इस्पितळातून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, पण घरीदारी सगळे त्यांना अजून मेट्रनबाईच म्हणत आणि त्यांनाही ते आवडे. वर्षातून एकदा होणारी ही मोजणी त्या सहा वर्षं करत होत्या आणि त्यांच्या भागातलं एकही माणूस आजवर सुटलं नव्हतं. हे त्या स्वतः सांगत. दुसरं कुणी सांगू लागलं तर मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐकत.

यंदा मोजणीला वजन होतं. नवा निवारा बांधून तयार होता आणि ज्या भागात जितकी माणसं भरतील तितक्याच खाटा त्या भागाला मिळणार होत्या. खाटांविषयी आधी कुणापाशी चकार शब्द काढायचा नाही, असा दंडक होता. उगाच कुणाला आशेला लावायला नको.

पूर्वी मोजणारे घरबसल्या आकडे ठोकून देतात असा बोभाटा झाला होता. म्हणून मोजणी करवणाऱ्या संस्थेने तोतयाची युक्ती काढली. प्रत्येक भागात आपलाच एक कार्यकर्ता अंथरूण टाकून बसवायचा. तीन ठरलेले प्रश्न विचारले की त्याने खिशातलं कार्ड दाखवायचं. तोतया सापडला नाही तर त्या भागाची मोजणी रद्द. मागच्या वर्षी शेजारच्या भागाची अशीच पाण्यात गेली होती.

नऊला याद्या बंद होणार होत्या. भाजीबाजार झाला, बसथांबा झाला, कचेरीमागची भिंत झाली. जाऊ स्वभावाने चिकाटीची. वाटेत भेटेल त्या प्रत्येकाला निरखून पाही आणि मेट्रनबाई तिला पुढे ओढत. हत्ती गेला नि शेपूट राहिलं, अशी गत झाली होती. पुलाखालच्या म्हातारीच्या पायाची जखम मेट्रनबाईंनी सकाळीच बांधली होती. तिची खाट एका तोतयापायी जाणार, या धास्तीने त्या भराभर पाय उचलत होत्या.

आणि आठ वाजून दहा मिनिटांनी, बंद पडलेल्या छापखान्याच्या पायऱ्यांवर, त्यांना तो दिसला.

पासष्टीचा गृहस्थ. दाढी केलेली, नखं कापलेली. बूट पुसून एका रेषेत ठेवलेले. कालचं वर्तमानपत्र वाचत होता. मेट्रनबाईंची नजर थेट अंथरुणावर गेली. घोंगडी ताणून, चारही कोपरे इस्पितळातल्या खाटेसारखे दुमडून घातलेली. त्यांच्या हाताखालच्या नर्सना हे जमायला वर्ष लागे.

“ओळखलं हं तुम्हाला,” त्या म्हणाल्या. “कुठल्याही भागात बसला असतात तरी ओळखलं असतं.”

गृहस्थाने चष्मा काढला. “कशावरून?”

“नखांवरून. कोपऱ्यांवरून. रस्त्यावर राहणारा माणूस असा असतो का कधी?”

“नसतो?”

“तीस वर्षं माणसं बघितलीत मी. तुम्ही चांगल्या घरचे आहात, हे आंधळ्यालाही कळेल. सोंग काही वठलं नाही तुमचं.”

जावेने हळूच त्यांचा पदर ओढला. “ताई, तीन प्रश्न विचारून घेऊ या का? म्हणजे कार्ड दाखवतील ते.”

“हातच्या कांकणाला आरसा कशाला गं? राहू द्या हो तुमचं कार्ड.”

सोंग उघडं पडलं तर माणूस खट्टू होतो. हा मात्र खुलला. पाठ ताठ करून बसला आणि चांगल्या घरचा हे नेमकं कशावरून वाटलं, ते त्याने पुन्हा एकदा विचारून घेतलं. मेट्रनबाईंनी कौतुकाने पुन्हा सांगितलं. माणूस खिलाडू वृत्तीचा आहे, असं त्यांच्या मनात आलं. किती वेळ बसला आहात, असं जावेने विचारलं, तर म्हणाला, “बराच. पण आता तक्रार नाही.”

“सुटलात तुम्ही,” मेट्रनबाई म्हणाल्या. “घरी जाऊन गरम चहा घ्या.”

“हो, जायचंच आहे. तुमच्यासारख्या बाईंनी एवढं म्हटलं, फार बरं वाटलं.”

तो उठला, बूट घातले आणि दाराशी आलेल्या पाहुण्यांना पोचवावं तसा दोघींना कोपऱ्यापर्यंत सोडायला आला. त्या वळेपर्यंत हात जोडून उभा होता.

नऊला पाच कमी असताना मेट्रनबाईंनी संस्थेच्या टेबलावर यादी ठेवली. चाळीस माणसं, आणि तोतया छापखान्याच्या पायऱ्यांवर. कारकुनाने खूण केली, लखोट्यांवर लाख ओतली आणि नऊच्या ठोक्याला गठ्ठा घेऊन निवाऱ्याकडे निघून गेला. सहा वर्षांचं सातवं झालं. बाकीच्या मोजणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मेट्रनबाईंनी नको नको म्हणत त्या पुरत्या वाजू दिल्या. चाळीस खाटा. त्यांना जावेचाही अभिमान वाटला आणि त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली.

तेवढ्यात संस्थेचे कार्यवाह धापा टाकत आत आले आणि हात जोडूनच त्यांच्यापाशी पोचले.

“मेट्रनबाई, माफ करा. सकाळपासून फोन लावतोय, तुमचा बंद. तुमची पायपीट फुकट झाली असेल. तुमच्याकडे बसणारा आमचा माणूस तापाने घरीच पडलाय. यंदा तुमच्या भागात तोतया नव्हताच.”