खालचा सूर

“आली बघ पुन्हा,” असं म्हणत बाईंनी गज व्हायोलिनच्या तारांवरून उचलला आणि छताकडे पाहिलं.

लेकीने पियानोवरचे हात काढले. वरच्या मजल्यावर कोणी राहत नव्हतं. भाडेकरू कधीच सोडून गेले होते आणि किल्ली बाईंच्याच कपाटात होती.

“आत्ता वाजतंय का?” लेकीने विचारलं.

“आत्ता कशाला वाजेल? मी थांबले की तीही थांबते. मी सुरू केलं की तिचंही सुरू. वाजवते माझंच, पण जरा खालच्या सुरात. बेसूर मेली!”

“नाचता येईना, अंगण वाकडं,” लेक म्हणाली. बाईंना असं तोंडावर बोलायची मुभा जगात तिला एकटीलाच होती.

एरवी बाई खळखळून हसल्या असत्या. वाद्यवृंदातली पहिली खुर्ची इतकी वर्षं त्यांची होती, आणि तिथले लहानथोर सगळेच त्यांना बाई म्हणत. आता संचालकांनी गोड आवाजात सांगितलं होतं, “एकदा एकटीचा कार्यक्रम करा, मग पुढच्या हंगामाचं बघू.” या ‘बघू’चा अर्थ न कळायला बाई काही काल जन्मल्या नव्हत्या. खुर्ची गेली तर आपलं काय उरेल, हा विचार त्यांची पाठ सोडत नसे.

डावी करंगळी तर आधीच गेली होती. तिचा सांधा आखडला होता आणि काही केल्या वळत नव्हता. कार्यक्रमासाठी निवडलेल्या रचनेच्या शेवटच्या लांब सुरावर करंगळी झरझर आपटून दोन सूर थरथरवायचे असतात. ती थरथर बाईंनी गाळून टाकली होती. तो सूर त्या साधाच ओढत. ते एक वेळ लोकांच्या लक्षात येणार नाही, पण बेसूर वाजवणं कोण पोटात घालतं?

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं आणि मान डोलावली.

“वयानुसार होतं असं. एकच सूर दोन कानांना दोन ठिकाणी ऐकू येतो. तुमचा डावा कान आयुष्यभर व्हायोलिनला चिकटलेला, तो थकलाय. दुसरी-तिसरी कोणी नाही.” मग त्यांनी सहज विचारलं, “पियानोही असाच दुहेरी ऐकू येतो ना?”

“नाही. तो एकच.”

डॉक्टरांनी पुन्हा एकदा कानात डोकावून पाहिलं. “तो लांब असतो, म्हणून असेल. डाव्या कानात कापसाचा बोळा घालून वाजवून बघा.”

घरी येताच बाईंनी बोळा घातला आणि गज तारांवर टेकवला. खालचा सूर गेला होता. एकच व्हायोलिन उरलं, भरीव आणि नेमकं, बाईंच्या भरातल्या वर्षांत वाजायचं तसं. त्यांनी सगळी रचना वाजवली आणि हावरटासारखी पुन्हा वाजवली.

“सुंठीवाचून खोकला गेला!” त्या लेकीला म्हणाल्या. “कानामागून आली नि तिखट झाली होती. बसवली गप्प.”

“पण आई, मला तर तू कायम सुरातच ऐकू यायचीस.”

“लेकीचा कान तो. तो कशाला खरं सांगतोय!”

कार्यक्रमाला संचालक पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते. बाईंनी बोळा नीट दाबला आणि लेकीकडे पाहून मान हलवली. वाजवताना मधेच घामाने गज बोटांतून निसटला, तारेवरून खरवडत गेल्याचं मनगटाला जाणवलं. सूर मात्र तुटला नाही. नशीब जोरावर आहे, असं म्हणून बाई पुढे गेल्या. शेवटचा सूर त्यांनी ठरल्याप्रमाणे साधाच ओढला. डोळे भरून आले होते, त्यामुळे असेल, तो क्षणभर थरथरल्यासारखा वाटला.

सगळं सभागृह उभं राहिलं. टाळ्या वाजवणाऱ्यांत संचालकही होते.

दुसऱ्या दिवशी ध्वनिमुद्रण घेऊन ते स्वतः घरी आले.

“बाई, मी शंका घेतली, मला माफ करा,” ते म्हणाले. “पहिली खुर्ची तुमचीच.”

लेकीने आईला मिठी मारली आणि मुद्रण लावलं. बाईंनी आज बोळा घातला नव्हता. दोन्ही कान उघडे ठेवून, हात मांडीवर घेऊन त्या खालच्या सुराची वाट बघत बसल्या.

तो आलाच नाही. एकच व्हायोलिन वाजत होतं. जिथे गज निसटला होता, तिथे साधा ओरखडाही ऐकू आला नाही. बाई हळूहळू पुढे झुकल्या. शेवटचा सूर आला, लांबला, आणि झरझर थरथरू लागला. दोन सूर, बारीक आणि स्वच्छ.

“आई!” लेक आनंदाने ओरडली. “करंगळी वळली की गं तुझी!”

‘म्हणजे खालचा सूर माझा होता,’ असं मनाशी म्हणत बाईंनी मांडीवरची डावी मूठ आवळून पाहिली. करंगळी ताठच राहिली.