केनेथची खुर्ची

"आता मार्चपर्यंत बंद," मिस्टर हॅलम म्हणाले आणि दिवाणखान्याच्या उंच खिडकीचा पडदा ओढू लागले.

डोरीनला ते ठाऊक होतं. ही अठराव्या शतकातली इंग्लिश हवेली पाहुण्यांसाठी दर वर्षी ऑक्टोबर सरला की बंद होते आणि आरसे, झुंबरं चादरींखाली जातात. गेल्या वर्षी तिला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. तेव्हा तिचा नवरा केनेथ होता. तो गेल्यापासून मात्र ती दर गुरुवारी इथं येई. तळ्याला फेरी, भिंतीआडच्या बागेत डेलियांची विचारपूस, मग इथं मिस्टर हॅलमशी हवापाण्याच्या चार गोष्टी. आठवडाभरात तिचं तोंड उघडायचं ते एवढ्यापुरतंच. आता हिवाळाभर बोलायचं कुणाशी, भिंतींशी?

हॅलम इथले स्वयंसेवक. रेशमी खुर्च्यांवर कुणी बसू नये हे पाहणं त्यांचं काम. पाटी लावणं उद्धटपणाचं, म्हणून प्रत्येक खुर्चीवर पाइनचं एकेक वाळलेलं फळ ठेवलेलं असतं. ज्याला कळायचं त्याला कळतं.

"चहाला याल घरी?" डोरीनने विचारलं आणि तिचेच कान लाल झाले. "म्हणजे, गडबड नसेल तर."

ते आले. तिने कप हातात दिला, तरी उभेच राहिले. खोलीत खुर्च्या दोनच. एकीत तिचं विणकाम पडलेलं. दुसरी केनेथची, आणि तिच्यावर पाइनचं फळ. डोरीननेच ते हवेलीच्या बागेतून उचलून आणलं होतं, केनेथच्या जागी कुणी बसू नये म्हणून. बसायला येणार होतं कोण, ते तिने स्वतःला विचारलं नव्हतं.

"बसा ना," ती म्हणाली.

हॅलमनी फळाकडे पाहिलं. "नको. इतकी वर्षं लोकांना हेच सांगत आलोय. आज मीच कसा बसू?"

त्यांनी घाईघाईने चहा संपवला, टोपी उचलली. केनेथच्या खुर्चीत बसा, असं म्हणायला काही तिची जीभ रेटेना.

मग तिने ते फळ उचललं आणि त्या खुर्चीत ती स्वतःच बसली.

"तुम्ही माझ्या खुर्चीत बसा," ती म्हणाली. "विणकाम ठेवा खाली."

ते बसले. रोज संध्याकाळी केनेथला इथून काय दिसत असेल, ते तिला आज पहिल्यांदाच दिसलं. समोर तिची खुर्ची होती, आणि ती रिकामी नव्हती.