हुबेहूब

स्कॅन करा नाहीतर डार्करूममध्ये कागदावर उतरवा, रंग तोच आला पाहिजे, अशी कॅमेऱ्याची फिल्म बनवण्यात केमिस्टसाहेबांनी उभी हयात घालवली. प्रत्येक नव्या रोलच्या चाचणीला फोटोसाठी खिडकीपाशी बसायची बायको. घरचीच ती, नाही म्हणायची सोय नव्हती.

साहेबांच्या निरोप समारंभात तिचा एकच फोटो दोन्ही तऱ्हांनी काढून शेजारी शेजारी लावला होता. कुणालाच फरक ओळखता येईना. साहेब हरखून तिच्याकडे वाकले, "डोळ्यांतली लाली बघ, दोन्हीकडे अगदी हुबेहूब!"



"त्या सकाळी माझी आई गेल्याचा फोन आला होता," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, ऊन आहे तोवर बस, मग जा."