पहिली दोरी

"पूर्ण लांबव म्हटलं ना!" गोपाळराव साहेब रस्त्यावरूनच ओरडले.

क्रेनवर बसलेल्या जागेश्वरने दांड्याला हात लावला नाही. समोर पाच टनांचा ट्रान्सफॉर्मर साखळ्यांत अडकवून ठेवला होता. पलीकडे नव्या वीजघराचा ओटा. आणि मधे साहेबांच्या बंगल्याचे गुलाब! पंधरा दिवसांवर फुलांचं प्रदर्शन आलं होतं आणि साहेबांना बक्षीस हवं होतं. म्हणून क्रेनने रस्त्यावर उभं राहायचं आणि तिच्या हाताने गुलाबांवरून ओट्यापर्यंत पोचायचं.

क्रेन विलायतेहून नुकतीच नागपुरात आली होती. जुन्या क्रेनचा हात तुकडे जोडून उभा करायला दोन दिवस जात. हिचा हात म्हणजे पेटीत पेटी. तेलाचा दाब दिला की एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी सरसर बाहेर. दोन मिनिटांचं काम, साहेब अगदी भाळले होते. पण त्या पोलादी पेट्यांचं स्वतःचंच वजन काय थोडं होतं? हात जितका लांब जाई, तितकं कमी त्याला पेलवे. भरलेली कळशी छातीशी धरणं वेगळं आणि हात लांब करून धरणं वेगळं, हे विहिरीवरच्या कोणत्याही बाईला कळतं. एवढ्या शिकलेल्या माणसाला कळू नये? की कळून घ्यायचंच नव्हतं? जागेश्वरचं डोकं फिरलं होतं.

"अरे, कागदावर छापलंय! साठ फूट पोचते, आठ टन उचलते."

"दोन्ही खरं हाये साहेब. पन एकाच वेळी नाई."

"विणकराचा माग सोडून क्रेनवर बसलास म्हणून काही इंजिनिअर झाला नाहीस. जमत नसेल तर उतर. दुसरा बसवतो."

जागेश्वरची कानशिलं तापली. उतरायला काय, तो आत्ता उतरला असता. पण खाली बाबनराव उभे होते, ट्रान्सफॉर्मरचा झोका आवरायची दोरी हाताला गुंडाळून. साठीला टेकलेला, अवजड माल हलवणाऱ्या खलाशांतला सगळ्यात जुना माणूस. जागेश्वरला गाठ मारायला त्यांनीच शिकवलं होतं. क्रेन कलंडली तर पहिले तेच जाणार होते, आणि कशापायी? गुलाबांपायी!

तो उतरला. बाबनरावांच्या हातातली दोरी सोडवून त्याने साहेबांपुढे धरली.

"उचलतो साहेब. पन आमच्या खलाशांत रिवाज हाये. नव्या क्रेनचा पहिला माल उचलताना हुकूम देनाऱ्यानं दोरी धराची."

बाकीच्या खलाशांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एकेक जण मुकाट्याने मागे सरकला आणि ट्रान्सफॉर्मरपाशी साहेबांपुरती जागा झाली.

साहेबांनी दोरीकडे पाहिलं. मग वर, क्रेनच्या टोकाकडे. खिशातला कागद काढून त्यांनी या वेळी तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. कपाळावरचा घाम पुसला.

"क्रेन पुढे घे," ते पुटपुटले. "बागेतून."

हात आखडूनच क्रेनने ट्रान्सफॉर्मर उचलला आणि गुलाब तुडवत ती ओट्याजवळ गेली. तिथे तिने तो अलगद ओट्यावर ठेवला. साहेब तोवर बंगल्यात निघून गेले होते.

चहाच्या वेळी बाबनराव जागेश्वरजवळ येऊन टेकले.

"काहून गा, तीस वर्सं झाली, मी दोऱ्या वढून राहिलो. हा रिवाज मी तं कधी आयकला नाई?"

"कुठून आयकसान काका," जागेश्वर म्हणाला, "आजच तं सुरू झाला."